डावीकडे चटणी, समोर बर्फ

आमच्या लालबागच्या चाळीतून माणसं आखातात नोकरीला गेली, बोटीवर गेली, एक जण तर न्यूझीलंडला जाऊन तिथलाच झाला. पण बर्फावर घसरायला म्हणून, पदरमोड करून, परदेशी कोणी गेलं नव्हतं. ते आम्ही ठरवलं. आणि ठरवलं तेही कधी, तर सगळ्या जगाने दारंखिडक्या लावून घेतल्या त्याच्या जेमतेम महिनाभर आधी. आमचं टायमिंग पहिल्यापासून असंच आहे. लग्नाच्या दिवशी मुंबई बंद होती, वरात टेम्पोतून आली.

नवरा पीटीचा शिक्षक. परळच्या एका शाळेत त्याने कबड्डी, खोखो, लेझीम, मल्लखांब, सगळं शिकवलं. एकच खेळ राहिला, कारण त्याला लागणारं मैदान परळला नाही. टीव्हीवर ते बर्फातले खेळ लागले की हा खुर्ची ओढून पडद्याला नाक लावून बसायचा. मी म्हणायचे, अरे, जरा मागे सर, डोळे जातील. हे मी कितीदा बोलले असेन. चारचौघांत मी त्याला अहो म्हणते, दोघंच असलो की अरे. रागावले की चारचौघांतही अरे.

डोळे जाणारच होते, ते टीव्हीने नव्हे. पडद्याचा आजार होता, रेटिनाचा. त्यात नजर कडांकडून आत आत सुकत येते. आधी संध्याकाळचं दिसेनासं झालं, मग बाजूचं, मग नळीतून बघावं तसं फक्त समोरचं उरलं. शाळा लवकर सोडावी लागली. मग एके दिवशी डॉक्टरबाई तपासून झाल्यावर म्हणाल्या, "दोन वर्षं, फार तर तीन. तुम्हाला जे बघायचं असेल ते आता बघून घ्या." टॅक्सीत बसल्यावर मी विचारलं, काय बघायचंय सांग. मला वाटलं काशी म्हणेल, ताजमहाल म्हणेल.

"बर्फ," तो म्हणाला.

"घरी फ्रीजमध्ये आहे."

"तो नाही. डोंगरावरचा. आणि नुसता बघायचा नाही, त्याच्यावरून घसरायचं."

मी टॅक्सीवाल्यासमोर काही बोलले नाही. घरी येऊन बोलले, भरपूर बोलले. पण त्याच आठवड्यात चौकशीलाही मीच लागले.

आपल्याकडे हिमालयात दोन ठिकाणी विचारलं. दोन्हीकडे आधी हो, मग डोळ्यांचं सांगितल्यावर नाही. रिस्क नको म्हणाले. नवऱ्याचा एक जुना विद्यार्थी दादरला प्रवासी कंपनी चालवतो, चांगला चाळिशीचा, दोन पोरांचा बाप, पण अजून याला बघितलं की उभा राहतो. त्याने ऑस्ट्रियातली एक बाई शोधून काढली. ती कमी दिसणाऱ्यांना, अजिबात न दिसणाऱ्यांनाही स्की करायला शिकवते. डिसेंबरचं नक्की झालं. आणि मार्चमध्ये लॉकडाऊन लागला.

इथे मला ताटाचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझं माहेर गिरगावचं. आमच्याकडे ताट वाढायची शिस्त होती. डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, उसळ. वरती मीठ आणि लिंबू, मधोमध भात. चटणी उजवीकडे वाढली तर आई ताट परत न्यायला लावायची. लग्न होऊन मी लालबागला आले तर इथे भाताच्या ढिगावर माशाचं सार, बाजूला तळलेली तुकडी, आणि जेवा. मी माझी शिस्त सोडली नाही. सासरे माझ्या ताटाकडे बघून म्हणायचे, "ह्यां जेवाण आसा की नकाशो?"

सासरे म्हणजे मालवणी माणूस, गिरणीत हयात गेलेली, आता ऐंशीच्या पुढे. बोलतात कमी आणि ऐकतात त्याहून कमी.

तर हा नकाशा आमच्या कामाला आला. नजर कुठवर आली हे मला डॉक्टरांच्या मशीनपेक्षा ताटावर आधी कळायचं. भातावर नजर असताना याला पहिल्यांदा चटणी दिसेनाशी झाली. मी काही न बोलता सांगायला लागले, "चटणी डावीकडे आहे." मग लिंबू गेलं. मग एक दिवस भाजी तशीच राहिली. मी म्हटलं, आवडली नाही का? म्हणाला, "वाढली होतीस?" स्वयंपाकघरात जाऊन मी नळ मोठा सोडला आणि रडले. चाळीत रडायला दुसरी जागा कुठे असते.

लॉकडाऊनमध्ये सगळेच घरात कोंडलेले. लोक केक करत होते, आम्ही स्कीइंगचा अभ्यास करत होतो. ऑस्ट्रियातल्या बाईने व्हिडिओ कॉल केला. मास्तरीण असावी तर अशी, हसणं नाही, गोडगोड बोलणं नाही. तिने सांगितलं, उतारावर याला हाक मारणारा आवाज लागतो. वळायचं कुठे, थांबायचं कधी, ते आवाजाने कळलं पाहिजे. आणि तो आवाज याच्या ओळखीचा, भरवशाचा हवा. मी विचारलं, मग तुम्ही काय करणार? म्हणाली, मी याला धरीन, पण हाक तुम्ही मारायची. तुमच्या भाषेत मारा, मला समजायची गरज नाही. आणि एकदा तुम्ही हाक मारली की याने उलट ओरडून सांगायचं, ऐकलं म्हणून. त्याशिवाय पुढची हाक नाही.

याचा अर्थ मलाही बर्फावर उभं राहायचं होतं. मी, जी मॉलमधल्या सरकत्या जिन्यावर पाय ठेवताना पहिल्या पायरीपाशी देवाचं नाव घेते.

खाली चाळीच्या चौकात सराव सुरू केला. याच्या डोळ्यांवर माझी ओढणी बांधायची, तोंडावर मास्क, आणि पाण्याच्या टाकीपासून फाटकापर्यंत चालवायचं. मी दहा पावलांवर उभी राहून ओरडायचे, "डावीकडे... उजवीकडे..." पहिल्याच दिवशी हा सायकलींवर जाऊन आदळला. मी चिडले. तो म्हणाला, "ओरडू नको, नीट ऐक. दोन्ही शब्द शेवटी 'कडे' होतात. तू ओरडलीस की मला फक्त 'कडे' ऐकू येतं. मी जाऊ कुणीकडे?"

बोलणं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला. मास्कमधून ओरडून घसा बसला होता. पुढच्या फेरीला हा परत सायकलींकडे वळला आणि माझ्या तोंडातून निघालं, "अरे चटणी, चटणी!"

हा जागच्या जागी डावीकडे वळला.

वरच्या गॅलऱ्यांत उभी असलेली सगळी चाळ हसली. आम्ही दोघं मात्र हसलो नाही, कारण दोघांनाही एकदम कळलं की हेच. दुसऱ्या दिवसापासून डावं म्हणजे चटणी, उजवं म्हणजे भाजी, सरळ म्हणजे भात. थांबायचं असेल तर बस. शेजारच्या वहिनींनी गॅलरीतून विचारलं, "आणि पडले तर काय, लोणचं?" त्या वहिनींना कोणी काही विचारलेलं नव्हतं.

उलट सांगायला काय शब्द घ्यायचा, याचा प्रश्नच आला नाही. मी "चटणी" म्हटलं की हा ओरडायचा, "व्हय म्हाराजा!" तो मालवणी घरातला. देवापुढे गाऱ्हाणं घालताना म्हातारा माणूस एकेक मागणं मागतो आणि बाकी सगळे एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतात. हे याच्या रक्तातच. तर आमच्या चौकात रोज सकाळी "भाजी", "व्हय म्हाराजा", "भात", "व्हय म्हाराजा" असं चालायचं. लॉकडाऊनमध्ये लोकांची तेवढीच करमणूक झाली.

त्या डिसेंबरला ऑस्ट्रियाने पर्यटकांना दार उघडलंच नाही. विद्यार्थ्याचा निरोप आला, सर, पुढच्या वर्षी नक्की, आणि त्यापुढे जोडलेल्या हातांची चित्रं. मी त्याला फोन करून म्हटलं, हात जोडू नकोस, डोळ्यांना तारीख पुढची मिळत नाही. त्या बिचाऱ्याचं ऑफिस बंद पडलं होतं तेव्हा, हे मला नंतर समजलं.

त्या वर्षात कोशिंबीर गेली, उसळ गेली. मी सगळं भाताच्या भोवती जवळ जवळ वाढायला लागले. सासरे ताटाकडे बघायचे आणि काही म्हणायचे नाहीत.

मग लस आली. मी नोकरी करते त्या विम्याच्या ऑफिसने आम्हा कर्मचाऱ्यांसाठी दादरला सोय केली, मी तिथे टोचून घेतली. याला घराजवळच्या केंद्रावर नंबर लागला, त्याने तिथे घेतली. त्या दिवसांत कुठली मिळते हे कोण विचारत होतं, मिळाली यातच लोक पेढे वाटत होते. तर मला मिळाली एक आणि याला दुसरी. आम्हाला काय माहीत, लशींमध्येही सोवळं-ओवळं असतं म्हणून. ऑस्ट्रियाला माझी चालत होती, याची चालत नव्हती. म्हणजे जिला सरकत्या जिन्याची भीती ती जाऊ शकत होती, आणि ज्याची हौस त्याला मनाई.

हा म्हणाला, "तू जाऊन ये. येताना डब्यातून थोडा घेऊन ये."

मला त्याच्या असल्या विनोदांचा संताप यायचा. त्याने एकदा तरी आदळआपट करावी, असं मला वाटायचं. सगळी आदळआपट माझ्याच वाट्याला आली होती. बातम्यांवर मी चिडायचे, विद्यार्थ्यावर चिडायचे, कुकरच्या शिट्टीवर चिडायचे. हा शांत. एकदा मी सरळ विचारलं, तुला काही वाटत नाही का रे? तेव्हा म्हणाला, "वाटतं. पण मी चिडलो की डोळ्यांत पाणी येतं, आणि मग उरलंय तेही दिसत नाही." त्यानंतर मी हा प्रश्न विचारला नाही.

ऑस्ट्रियाच्या बाईनेच वाट दाखवली. तिचा एक मित्र रशियाच्या शेजारच्या जॉर्जियात स्की शिकवत होता, आणि जॉर्जियाला दोन्ही लशी चालत होत्या. चाळीत ज्याला सांगावं तो विचारी, जॉर्जिया म्हणजे अमेरिकेतलंच ना? शेवटी मी हो म्हणायला लागले. व्हिसा झाला. आखातात विमान बदलायचं होतं. दादरला स्टेशनबाहेर मोटारसायकलवाल्यांचे जाड हातमोजे घेतले. थंडीचे आतले कपडे घालून बघितले ते ऑक्टोबरच्या उकाड्यात, पंख्याखाली उभं राहून, आणि हा म्हणाला की आता कुठे जायलाच नको, इथेच मेलो. वहिनींनी त्यांच्या सासऱ्यांची माकडटोपी आणून दिली. निघायच्या आधी नाकात काडी घालून तपासणी करायची ती वेळही ठरली.

निघायच्या आठवडाभर आधी सासऱ्यांनी गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. नारळ आणला, देवापुढे ठेवला. शेजारी आपापल्या दारात मास्क लावून उभे राहिले, मधे अंतर ठेवून. आम्ही दोघं हात जोडून पुढे.

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही माझी लेकरां परमुलखाक जाऊक निघाली आसत. तेंच्या वाटेत काय आडकाठी आसात ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेंका रोगराईपासून लांब ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तेंका घरातच सुखरूप ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळी गॅलरी बोलून गेली. मग एकमेकांकडे बघायला लागली. दीड वर्ष ते रोज सकाळी देवापुढे हेच मागत होते, पोरांना घरात सुखरूप ठेव. जीभ त्याच रुळावरून गेली. वहिनी मास्कमधून म्हणाल्या, "आजोबा, जायचंय ना त्यांना?" सासरे गोंधळले, त्यांनी घाईघाईने "सुखरूप परत हाड रे म्हाराजा", म्हणजे परत आण, असं जोडलं, आम्हीही व्हय म्हटलं. पण आधीचं मागणं मागून झालं होतं.

पाच दिवसांनी बातमी आली की विषाणूने नवीन रूप घेतलंय. आखातातलं आमचं पुढचं विमान रद्द झालं. विद्यार्थ्याने यावेळी निरोप पाठवला नाही, स्वतः आला. दारात उभा राहून "सर" एवढंच म्हणाला. हा त्याला म्हणाला, "आत ये, चहा घे. तू थोडाच आणलास विषाणू."

चाळीत थट्टा सुरू झाली. आजोबांचं थेट कनेक्शन आहे, देव लगेच ऐकतो, आमच्या भाडेकरूला घालवायचंय तेवढं बघा. सासऱ्यांचं जेवण कमी झालं. गॅलरीत खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसायचे. मी चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी चहा घेऊन गेले.

"बाबा, विमानं साऱ्या जगाची बंद झाली. तुमच्या देवाची वहिवाट एवढी लांब पोचत नाही."

त्यांनी कप हातात धरून ठेवला. "चुकान गेला तोंडातसून, ह्यां खरा," ते म्हणाले. "पण गो, मनातसुद्धा ताच होता. धडधाकट डोळ्याची माणसां थंय पाय मोडून घेतत. माझ्या झीलाक ताटातली भाजी दिसणा नाय. तो डोंगरावरसून घसरतलो, आणि मी हय बसान काय करू?"

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं ते नंतर. त्या क्षणी माझा पारा चढला. मी म्हटलं, "तुमच्या झीलाला दिसत नाही म्हणूनच जायचंय. दिसत असतं तर पुढच्या वर्षी गेलो असतो, त्याच्या पुढच्या वर्षी गेलो असतो. तुम्ही त्याला सांभाळायला सांगताय, कशासाठी? खुर्चीत बसून राहण्यासाठी?"

म्हातारा माणूस रडला. आवाज न करता, कप तसाच हातात धरून. मी शेजारी जमिनीवर बसले. आम्ही दोघं सून-सासरे एकाच गोष्टीला घाबरत होतो, हे मला तेव्हा कळलं. मी घाबरून पळत होते पुढे, आणि ते घाबरून ओढत होते मागे.

आणखी एक वर्ष गेलं. ते कसं गेलं, ते मी लिहीत नाही. ताटात याला भात दिसायचा, तोही सगळा नाही. बोटांनी चाचपून घ्यायला लागला आणि कोणी बघत नाही ना म्हणून डोकं वळवायचा, जणू डोकं वळवून आता काही दिसणार होतं. निर्बंध एकेक करून उठले. विद्यार्थ्याने पुन्हा ऑफिस उघडलं आणि पहिलं काम आमच्या जॉर्जियाचं घेतलं. मी याला विचारलं, "जायचं का अजून?"

तो म्हणाला, "आता गेलो तर तुझ्या हाकेवर जाईन. बघायला जातोय असं आता म्हणवत नाही." आणि लगेच, "पण एवढंसं भोक शिल्लक आहे. त्यातून मावेल तेवढा बघीन."

सासऱ्यांनी या खेपेला गाऱ्हाणं घालायला साफ नकार दिला. "माझ्या तोंडावर माझोच भरवसो नाय," म्हणाले. नारळ मात्र आणून ठेवला. शेजारी जमले, आता मास्क नव्हते. सगळे थांबले होते आणि कोणी पुढे होईना. मी पुढे झाले. आमच्या घरात बाईने गाऱ्हाणं कधी घातलेलं नाही, आणि मला मालवणी बोलता येत नाही, समजते फक्त. पण तीन वर्षं मी सगळ्यांवर ओरडले होते, एकट्या देवावर तेवढं राहिलं होतं.

"देवा महाराजा," मी म्हटलं, "तुला गिरगावचं बोलणं समजत असेल असं धरून चालते. हा माणूस घसरायला चाललाय. त्याला घसरू दे."

शेजारी सासऱ्यांकडे बघायला लागले.

"पडला तर उठू दे. आणि जे बघायचंय ते बघून त्याला घरी येऊ दे."

मी वाट बघत उभी. मागून सासऱ्यांचा आवाज आला, खोल गेलेला, पण आला. "व्हय म्हाराजा." मग सगळ्यांचा.

जॉर्जियात आम्ही पोचलो ते धुक्यात. गाडीच्या काचेबाहेर काही नाही, हॉटेलच्या खिडकीबाहेर काही नाही. तिथला शिक्षक, म्हणजे ऑस्ट्रियाच्या बाईचा तो मित्र, म्हणाला, उद्या उघडेल. उद्याही उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी थोडं विरळ झालं तसं त्याने आम्हाला अगदी लहान मुलांच्या उतारावर नेलं. चार दिवसांतलं जे काय होतं ते एवढंच. याच्या पायांत स्कीच्या लांब पट्ट्या चढवल्या, माझ्याही. टोकं जुळवायची आणि मागून फाकवायची, म्हणजे वेग कमी होतो, त्याला ते लोक पिझ्झा म्हणतात. म्हटलं, घ्या, इथेही खाण्याचंच.

मी खाली उभी राहिले आणि हा वरून आला, शिक्षकाने कमरेच्या पट्ट्याला मागून धरलेलं. गुडघे वाकवून, अंग पुढे टाकून, कबड्डीत चढाईला जायचा तसा. मी ओरडले, "भात!" वरून उत्तर आलं, "व्हय म्हाराजा!" मी "चटणी" म्हटलं, तो डावीकडे वळला. "भाजी" म्हटलं, उजवीकडे. शेजारी एक परदेशी कुटुंब आमच्याकडे बघत होतं. शेवटच्या फेरीला शिक्षकाने पट्टा सोडला होता, हे मला हा खाली येऊन थांबल्यावर कळलं. याला ते आधीच कळलं होतं. तोंडभर हसत होता. बासष्ट वर्षांचा माणूस, नाकातून पाणी गळतंय आणि हसतोय. मला इतकं बरं वाटलं की मी त्याला ओरडले, नाक पूस म्हणून.

मग याने हट्ट धरला, आता तू वरून ये. मी आणि तो दोघं वर गेलो, शिक्षक आधी याला घेऊन खाली उतरला, माझ्यासाठी परत येतो म्हणाला. आणि ते दोघं खाली पोचायच्या आत धुकं आलं. असं आलं की माझे स्वतःचे पाय मला दिसेनात. वर कुठे, खाली कुठे, कळेना. बर्फही पांढरा, हवाही पांढरी. मी जागच्या जागी उभी होते आणि वाटत होतं की घसरत चाललेय. तीन वर्षं कशासाठी केलं मी हे सगळं. त्या डॉक्टरबाई, त्या लशी, ते विमान, तो नारळ. याला डोंगरावरचा बर्फ दिसावा म्हणून, आणि देवाने तिन्ही दिवस वर पडदा सोडून ठेवला. मी तिथे उभी राहून मोठ्याने रडले. कोणाला दिसत नव्हतं.

"काय झालं गं?" खालून याचा आवाज.

"मला काही दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"काहीच नाही. तू पण नाही. माझे पाय नाहीत. नुसतं पांढरं."

मग तो हसायला लागला. खालून, धुक्यातून, त्याचं ते मैदानावरचं मोठं हसणं. मला राग यायला पाहिजे होता.

"मग ठीक आहे," तो म्हणाला. "शिक्षक येतोय वर, पण तोही चाचपडतोय. त्याला थांबायला सांगतो. तू ये. टोकं जुळव. भात."

मी हलले नाही.

"अगं, भात म्हटलं मी. उत्तर दे."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

पाय आपोआप निघाले. समोर काही नव्हतं, फक्त त्याचा आवाज. "चटणी." व्हय म्हाराजा. "थोडी भाजी, थोडीच." व्हय म्हाराजा. माझ्या पट्ट्यांच्या घासण्यावरून त्याला कळत होतं मी कुठे आहे ते, मला त्याच्या आवाजावरून. "बस" म्हटलेलं मला ऐकू आलं, पण थांबायचं कसं ते आठवलं नाही. मी जाऊन त्याच्या अंगावर पडले आणि दोघं बर्फात आडवे झालो. तो म्हणाला, "लोणचं." मी त्याच्या छातीवर डोकं ठेवून रडत होते आणि हसत होते, आणि तो मोटारसायकलच्या हातमोज्याने माझ्या पाठीवरचा बर्फ झटकत होता.

दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. धुकं होतं तसंच. संध्याकाळी हॉटेलवरून घरी फोन लावला. सासऱ्यांनी आधी पाय विचारले, हात विचारले, जेवण विचारलं. त्यांच्या मागे गॅलरीत माणसं जमली असावीत, कुजबुज ऐकू येत होती.

"आणि दिसलो काय गो तेका बर्फ?"

याने माझ्या हातातून फोन घेतला.

"दिसलो, बाबा," तो म्हणाला. "हिका जेवढो दिसलो, तेवढोच माका दिसलो."

पलीकडून सासऱ्यांचं "व्हय म्हाराजा" आलं, आणि त्यांच्या मागून सगळ्या गॅलरीचं.